आप्पांचा अंगठा आणि देवाचं घड्याळ

किसनआप्पांनी घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

"ताई, हे उघडायचं न्हाई," ते म्हणाले. "आदी माझं ऐका."

घड्याळ दाखवायला आणायचं आणि उघडू मात्र द्यायचं नाही, असं गिऱ्हाईक मला आख्ख्या नोकरीत भेटलं नव्हतं. मी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हटलं, "बोला."

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. एका स्विस घड्याळ कंपनीच्या मुंबईतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी टेक्निशियन होते. महागडी मनगटी घड्याळं खोलायची, धुवायची, तेल द्यायचं, पुन्हा जोडायची. रिटायर झाल्यावर कळंबला, माहेरच्या गावी घर बांधलं. दुकान टाकलेलं नाही, पण गावाला ते कोण सांगणार? मंचरपासून आळेफाट्यापर्यंतचे लोक भिंतीवरची बंद घड्याळं, तुटके पट्टे, लग्नातली न चालणारी भेट, सगळं घेऊन येतात. सेल बदलून मागतात आणि जाताना कोथिंबिरीची जुडी ठेवून जातात. माझी तक्रार नाही.

पण आप्पांनी आणलेलं घड्याळ बघून मी खुर्चीत सावरून बसले. तो जुना स्विस क्रोनोग्राफ होता. क्रोनोग्राफ म्हणजे ज्या घड्याळात वेळ दाखवण्याबरोबर सेकंद मोजायचीही सोय असते असं घड्याळ. बाजूला दोन बटणं असतात, त्यांना पुशर म्हणतात. वरचं दाबलं की लांब काटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की काटा शून्यावर येतो. आणि हे आमच्याच कंपनीचं होतं. असली घड्याळं मी मुंबईत हाताळली होती ती बड्या लोकांची. आळ्याच्या पुढच्या एका वाडीत हे कुठून आलं?

आप्पांबरोबर यात्रा कमिटीचे अध्यक्ष बबनराव आले होते. त्यांनी खुलासा केला.

"आमच्याकडचा एक गडी बोटीवं नोकरीला व्हता. त्यानं खंडेरायाला नवस केला, पोरगं झालं तर परदेशातलं घड्याळ वाहीन. झालं पोरगं. आता देव कुठं मनगटात घालणार? म्हून ठरलं, यात्रंच्या घाटात याच्यावं सेकंद बघायचं."

घाट म्हणजे आमच्याकडे डोंगरातला रस्ता नव्हे. बैलगाडा शर्यतीची चढाची धावपट्टी, तिला घाट म्हणतात. आमच्या भागात गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्या एका धावेला बारी म्हणतात. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची रेघ ओलांडली की बंद. ज्याला सेकंद कमी, त्याचा पहिला नंबर. म्हणजे वर्षभर बैलांना जपून, खुराक देऊन, पोटच्या पोरासारखं वाढवून मालक जे काही करतो, ते शेवटी घड्याळ धरणाऱ्या एका माणसाच्या अंगठ्यावर येऊन थांबतं.

तो अंगठा तरुणपणापासून किसनआप्पांचा होता. शर्यतींवर बंदी आली तेव्हा घड्याळ देवाच्या पेटीत पडून राहिलं. बंदी उठली तेव्हा घड्याळही निघालं आणि आप्पाही पुन्हा उभे राहिले. आजवर त्यांच्या सेकंदावर कुणी ब्र काढला नव्हता. काढला तो गेल्या यात्रेत.

पारगावच्या दत्तूशेठचा गाडा पहिल्या नंबरापासून एका रेघेनं हुकला. या घड्याळावर एका सेकंदाच्या पाच रेघा असतात. म्हणजे हुकला तो सेकंदाच्या पाचव्या हिश्शानं. दत्तूशेठच्या पुतण्यानं मोबाइलवर मोजलं होतं, त्यात दोन्ही गाडे सारखे होते. दत्तूशेठ तडक स्टेजवर चढले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "आप्पाचा अंगठा आता म्हातारा झालाय. त्याला घरी बसवा."

"सारी यात्रा हासली, ताई," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. "माझी नातवंडं तितं व्हती."

बबनराव चुळबुळले. "कमिटीत दोन तट पडल्यात. काही म्हंतात, पुढल्या साली शेन्सर लावा, म्हंजी मशिनच आपसूक सेकंद मोजंल. म्या म्हनलं, आदी घड्याळ तर तपासू."

"घड्याळ बिघडलं आसंल तर तसं सांगा," आप्पा म्हणाले. "माझा अंगठा बिघडला आसंल तर तसंबी सांगा. मी माईकवं जाऊन कबूल करतो आन् घरी बसतो. पर हे आसं मधी लटकून न्हाई ऱ्हायचं मला."

आता मला कळलं, हात का काढत नव्हते ते. त्यांना दुरुस्ती नको होती, आधी निवाडा हवा होता. आणि त्यांची भीती अगदी रास्त होती. आमच्या कामाची रीतच अशी की घड्याळ आलं की पहिल्यांदा खोलतात, सगळे भाग धुतात. एकदा ते धुतलं की आधी काय बिघडलं होतं, तेही त्याच पाण्याबरोबर गेलं.

मी ते उघडणार नव्हतेच. एक तर या घड्याळाचे सुटे भाग बाहेर विकत मिळत नाहीत. कंपनी ते फक्त स्वतःच्या वर्कशॉपला देते. दुसरं म्हणजे कळंबच्या रिटायर बाईनं दिलेला निकाल पारगावकर कशाला मानतील? निकाल घड्याळ बनवणाऱ्यानंच द्यायला हवा.

मी मुंबईला लोबोला फोन लावला. लोबो आणि मी शेजारच्या टेबलांवर काम करायचो. आता तो त्या सेंटरचा प्रमुख आहे.

"शैला, तू रिटायर झालीस ना? मग काम कसलं पाठवतेस?"

"पाठवत नाही, घेऊन येते. आणि सोबत माणूसही आणते. त्यालाही तपासायचंय."

"इधर डॉक्टर नही है, बाबा."

मी सगळं सांगितलं. त्याच्या की-बोर्डचा आवाज आला. मग म्हणाला, "कस्टमरचं नाव काय टाकू?"

मी म्हटलं, "खंडेराय."

"सरनेम?"

इथे मात्र माझी पंचाईत झाली. शेवटी मालक म्हणून देव आणि संपर्कासाठी बबनरावांचा मोबाइल, अशी तडजोड झाली. हे कॉम्प्युटरनं कसं मान्य केलं, ते लोबोलाच माहीत.

आम्ही तिघं एसटीनं मुंबईला गेलो. आप्पांनी घड्याळ बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि सबंध प्रवासात ते एकदाही मागे टेकले नाहीत. सेंटरच्या काचेच्या दारापाशी त्यांनी चपला काढल्या. मी घाला म्हटलं. ते म्हणाले, "देवाची वस्तू हाय," आणि अनवाणीच आत आले. गार फरशीवर पांढरं धोतर आणि फेटा. समोर सोफ्यावर सुटातले एक गृहस्थ बसले होते, ते उठून उभे राहिले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण मला बरं वाटलं.

लोबोनं त्या दिवशी जे केलं, त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. सेंटरमध्ये कामं तुंबलेली होती, तरी त्यानं दुपार आमच्यासाठी मोकळी ठेवली. आधी अंगठा तपासायचा, असं त्यानं ठरवलं. कंपनीचा एक नवाकोरा क्रोनोग्राफ त्यानं आप्पांच्या हातात दिला. भिंतीवरच्या टीव्हीवर बैलगाड्याचा व्हिडिओ लावला. असले व्हिडिओ हवे तेवढे मिळतात. त्या बारीला नेमका किती वेळ लागला, ते त्यानं आधीच कॉम्प्युटरवर मोजून ठेवलं होतं.

"आजोबा, निशाण पडलं की दाबा. वरती पोचलं की दाबा."

"मला शिकवतोस व्हय रं," आप्पा म्हणाले, पण प्रेमानं.

त्या चकचकीत, एसीतल्या खोलीत व्हिडिओतला लाऊडस्पीकर ओरडायला लागला, भिर्रर्र झाली! आतल्या टेबलांवरची पोरंपोरी डोळ्यांवरची भिंगं काढून बघायला आली. आप्पांचं अंग बदललं. पाय फाकले, कोपर बरगडीला टेकलं, नजर निशाणावर. क्लिक. क्लिक. लोबो काटा बघायचा, स्क्रीन बघायचा आणि पुढची बारी लावायचा. एकामागून एक बाऱ्या झाल्या. कधी काटा बरोबर त्याच रेघेवर, कधी दोन रेघांच्या मध्ये. एक रेघ चुकली असं एकदाही झालं नाही.

लोबोनं व्हिडिओ बंद केला. "शैला, माझ्या पोरांना जमणार नाही हे. अंगठा पास."

बबनरावांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "बगा! म्या म्हनलं व्हतं!"

आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून देवाचं घड्याळ काढून पुढे केलं. "आता ह्याचं बघा."

तेच व्हिडिओ, तोच अंगठा, आता जुनं घड्याळ. पहिल्या काही बाऱ्या बरोबर आल्या. मग एका बारीला आप्पांनी बटण दाबलं, आणि काटा लगेच थांबला नाही. बटण वाटेत कुठेतरी अडलं, मग आत गेलं. काटा एक रेघ पुढे सरकला होता. पुढे पुन्हा चार-दोन बाऱ्या ठीक. मग एकदा सुरू होतानाच अडला. म्हणजे कधी थांबायला उशीर, कधी सुरू व्हायला. कुणाला तोटा, कुणाला फायदा, याला काही हिशेब नव्हता.

लोबोनं आप्पांच्या देखत मागचं झाकण उघडलं आणि पुशर बाहेर काढला. भिंगातून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"गंज आहे का हा? पण गंज इतका पिवळा?"

मी चिमट्यानं कण उचलला. नखावर घासला. वास घेतला. मी काही बोलायच्या आतच आप्पा म्हणाले, "भंडारा."

खंडोबाला उधळतात ती हळद. यात्रेच्या सकाळी घड्याळ पेटीतून निघायचं, देवाच्या पायांवर ठेवायचं आणि मग येईल त्यानं त्यावर मूठभर भंडारा टाकायचा. प्रत्येक गाडामालक बारीआधी टाकायचा. देवाच्या घड्याळावर भंडारा पडला की आपल्या बैलांना यश येतं, असा वाडीचा समज. आतली रबराची बारीक रिंग कधीच झिजून गेली होती, त्यामुळे हळद पुशरच्या फटीतून आत शिरली. बंदीच्या वर्षांत तेल आटून चिकट झालं, त्यात ती हळद कालवली गेली आणि बटणाच्या वाटेत तिचा लगदा बसला. घड्याळं कशाकशानं बिघडतात, ते मी आयुष्यभर बघितलंय. घाम, समुद्राचं पाणी, अत्तर, एकदा तर मुरांबासुद्धा. भक्तीनं बिघडलेलं हे पहिलंच.

बबनरावांचा चेहरा खुलला. "म्हंजी आप्पाची चूक न्हाई. झाक झालं. आता घड्याळ नीट करून आना, आन् हे भंडाऱ्याचं काय कुनाला सांगू नगा. उगा जुनी मढी कशाला उकरायची?"

आप्पांनी तो पुशर तळहातावर घेतला. "म्हंजी दत्तूशेठ खोटं बोलत नव्हता," ते म्हणाले.

"तसं नक्की नाही सांगता येत," मी म्हटलं. "त्या दिवशी अडलं असेल, नसेलही."

"आसंल तर?" आप्पा म्हणाले.

घड्याळ कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या कारखान्यात पाठवायचं ठरलं. इतकी जुनी मॉडेलं तिथेच दुरुस्त होतात. काही आठवड्यांनी तिथून एस्टिमेट आलं. सगळी मशिन खोलून साफ करणार, पुशर आणि रिंगा नवीन. इथपर्यंत ठीक. पुढे होतं, डायल पिवळी पडली आहे, नवीन बसवू. काटे नवीन बसवू. केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर, ओरखडे आहेत, पॉलिश करू. कंपनीच्या दृष्टीनं हा चांगुलपणाच आहे. घड्याळ नव्यासारखं होऊन यावं, असंच बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं.

मी आप्पांना फोन केला.

"डायल म्हंजी रेघा हायेत ती थाळीच ना?" त्यांनी विचारलं. "ती न्हाई बदलायची. इतक्या सालांचं निकाल त्या रेघांवं दिलंत. आन् पॉलिश कशाला? म्हाताऱ्याला पावडर लावून नवरदेव करायचाय व्हय?"

मी लोबोला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "पॉलिसी आहे, शैला. कारखाना अर्धवट काम करत नाही."

"अर्धवट नको. आतलं सगळं करा. बाहेरच्याला हात लावू नका. मालकाची इच्छा आहे."

"मालक कोण, तू सांगितलंयस मला," लोबो हसला. "त्याच्याशी मी काय भांडणार? बघतो."

त्यानं नुसतं बघितलं नाही, तीनदा मेल लिहून कारखान्याला पटवलं. तिथल्या ज्या कारागिरानं हे काम केलं, त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. त्यानं या पिवळ्या डायलला धक्का न लावता आतलं सगळं यंत्र नव्यासारखं करून दिलं. संक्रांतीनंतर घड्याळ परत आलं तेव्हा मी ते कानाशी धरलं. असा स्वच्छ, एकसारखा आवाज ऐकला की अजूनही माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मी मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाला हात जोडले.

घड्याळाबरोबर एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी होती. बदललेले जुने भाग कंपनी गिऱ्हाइकाला परत करते. त्यात तो जुना पुशर होता. तो मात्र पिवळाच होता.

चैत्रात यात्रा आली. आप्पांनी मला बोलावून घेतलं होतं. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली बारी सुटायच्या आधी आप्पा स्टेजवर चढले. बबनरावांनी त्यांच्या बाहीला धरून कानात काहीतरी सांगितलं. आप्पांनी बाही सोडवून घेतली आणि माईक तोंडापाशी नेला.

"मागल्या साली पारगावच्या गाड्याचा पयला नंबर एका रेघंनं ग्येला. ह्ये घड्याळ म्या कंपनीत तपासलं. बटन अडत व्हतं. दत्तूशेठच्या बारीला अडलं का न्हाई, मला ठावं न्हाई. पर अडलं आसंल. घड्याळ बिघडलं व्हतं, तरी हात माझा व्हता. दत्तूशेठ, तुमच्या बैलांवं अन्याव झाला आसंल तर ह्या समद्यांच्या म्होरं माफी मागतो. आता सेकंद माझ्याकडं द्यायचं का शेन्सरकडं, ते तुमीच सांगा."

गर्दीतून दत्तूशेठ पुढे आले. पांढरे कपडे, तावदार मिशा, आणि हातात भंडाऱ्याची पिशवी. बारीआधीची रीत करायला निघाले होते.

"बटन कशानं अडलं?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी खिशातून तो पिवळा पुशर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. दत्तूशेठनी तो डोळ्यांजवळ नेला. मग स्वतःच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. मग पुन्हा पुशरकडे.

"आयला," ते म्हणाले. माईक चालूच होता. "समद्यात मोठी मूठ तर माझीच आसायची!"

गेल्या वर्षी लोक आप्पांना हसले होते. या वर्षी दत्तूशेठला हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते दत्तूशेठ स्वतः. मग त्यांनी माईक ओढून घेतला. "मागलं राहू द्या. आपला घाट, आपला देव, आपलं घड्याळ. सेकंद आप्पाच बगतील. कुनाला शेन्सर लावायचा आसंल त्यानं आपल्या घरी लावा."

आप्पांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. मी माझेही पुसले, लपवायचं काय त्यात.

त्या दिवशी दत्तूशेठचा गाडा छान पळाला, तरी पहिला नंबर गेला. या खेपेला दोन रेघांनी. दत्तूशेठ आप्पांच्या टेबलापाशी आले तेव्हा आजूबाजूचे लोक जरा सावध झाले. त्यांनी नुसतं विचारलं, "आप्पा, किती?" आप्पांनी सांगितलं. "बराबर," ते म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

भंडारा आता देवावर उधळतात, घड्याळ तोवर बंद डब्यात असतं. कंपनीनं या सर्व्हिसवर दोन वर्षांची वॉरंटी दिली आहे. त्यात काय काय धरत नाहीत, त्याचा कागद इंग्रजीत आहे. त्यात हळदीचा उल्लेख नाही, म्हणून हळदही धरत नाहीत, हे कलम मी कमिटीला तोंडी समजावून आले.